निवेदनासह ऐकण्याची गोष्ट : हॅरी निल्सन यांची ‘द पॉइंट!’ ही ध्वनिमुद्रिका

पाणकणीस

लहान मुलांच्या अॅनिमेशनपटांच्या ज्या ध्वनिमुद्रिका निघतात, त्यांतल्या काहींमध्ये फक्त गाणी असतात आणि काहींमध्ये गाण्यांच्या मधल्या जागेत निवेदक अख्खी गोष्ट सांगत असतो. हा दुसरा प्रकार आता मागे पडला आहे. त्याच्याविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही आणि मला तो मनापासून आवडतो, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. घरी चित्रपट पाहण्याची सोय सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत सर्वसामान्यांना नव्हती. चित्रपटगृहातून चित्रपट उतरला की तो गेला. मुलांच्या हाती उरायची ती तबकडी. डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’ची गाणी व्हिक्टर कंपनीने १९३८ च्या जानेवारीत तीन तबकड्यांच्या संचात काढली. पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा मूळ ध्वनी लोकांना विकत मिळाल्याचे ते पहिले उदाहरण मानले जाते. पुढे १९४९ मध्ये ‘बॅम्बी’ची गोष्ट शर्ली टेंपलच्या आवाजात तबकडीवर आली. १९५६ मध्ये डिस्नेने स्वतःचीच ध्वनिमुद्रण कंपनी सुरू केली आणि चित्रांच्या पुस्तिकेसह गोष्ट सांगणाऱ्या तबकड्यांची रीघ लागली. या सगळ्यांत निवेदकाचे काम एकच असे, ते म्हणजे चित्र नाही म्हणून पडलेली खिंडारे शब्दांनी बुजवणे. चित्रपट पाहिलेल्या मुलाला ती आठवण म्हणून पुरत असे. न पाहिलेल्या मुलाला मात्र आपण काहीतरी उणे ऐकत आहोत, हे जाणवल्यावाचून राहत नसे.

‘द पॉइंट!’ या पंक्तीत बसत नाही. अमेरिकी गायक-गीतकार हॅरी निल्सन यांची ही ध्वनिमुद्रिका आरसीए कंपनीने १९७० च्या अखेरीस काढली आणि फ्रेड वुल्फ यांनी दिग्दर्शित केलेला अॅनिमेशनपट एबीसी वाहिनीवर २ फेब्रुवारी १९७१ रोजी दाखवला गेला. म्हणजे ज्याला आपण चित्रपटाची ध्वनिमुद्रिका म्हणतो, ती चित्रपटाच्या आधीच लोकांच्या घरात पोहोचली होती. गोष्ट निल्सन यांचीच, गाणी त्यांचीच आणि तबकडीवर निवेदनही त्यांचेच. वाद्यवृंदाची रचना जॉर्ज टिप्टन यांची. एकूण चौदा तुकडे आहेत, सात गाणी आणि सात निवेदने, आणि ती एकाआड एक येतात. सगळे मिळून अर्ध्या तासाच्या आसपास संपते.

ज्यांनी ऐकलेली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. एका राज्यात प्रत्येक वस्तूला टोक असते. घरांना टोके, गाड्यांना टोके, माणसांच्या डोक्यांनाही टोके, आणि टोक असलेच पाहिजे असा तिथला कायदा. (इंग्रजीत टोकासाठीच्या ‘पॉइंट’ या शब्दाचा ‘हेतू’ असाही अर्थ होतो आणि सगळी कथा त्या दुहेरी अर्थावर उभी आहे.) तिथे ऑब्लिओ नावाचा मुलगा गोल डोक्याचा जन्माला येतो. आई त्याला टोकदार टोपी करून देते. त्याचा सोबती म्हणजे अॅरो (म्हणजे बाण) नावाचा कुत्रा. राज्यातला एक बडा उमराव असतो. डोक्याच्या टोकावर त्रिकोण झेलण्याच्या खेळात त्याचा मुलगा या जोडीकडून हरतो, उमराव चिडतो, कायद्यावर बोट ठेवतो, खटला उभा राहतो आणि मुलगा व कुत्रा दोघांनाही बिनटोकाच्या रानात हद्दपार केले जाते.

माझे म्हणणे असे आहे की या तबकडीवरचे निवेदन चित्राची उणीव भरून काढायला आलेलेच नाही. निल्सन वर्णन फार थोडे करतात. राजा कसा दिसतो, उमरावाचे कपडे कोणते, रानातला उजेड कसा, यांतले बहुतेक ते सांगतच नाहीत. काय घडले आणि कोण काय म्हणाले एवढेच सांगतात, आणि तेही मुलाच्या उशाशी बसून बोलावे तशा घरगुती सुरात. सगळ्या पात्रांचे बोलणे त्यांच्याच तोंडून येते. आवाज बदलतो, पण हा तोच माणूस आहे हे आपण विसरत नाही. ऑब्लिओ रानात पाऊल टाकतो तो प्रसंग ऐका. रानाचे नाव बिनटोकाचे, आणि मुलाच्या पहिल्याप्रथम लक्षात येते ते असे की इथल्या तर प्रत्येक गोष्टीला टोक आहे. पानांना आहे, फांद्यांना आहे, झाडांना आहे. निल्सन हे कोणताही जोर न देता, जाता जाता सांगून टाकतात. कायदा करणाऱ्यांनी हे रान कधी डोळे उघडून पाहिलेच नव्हते, हे आपले आपल्याला उमगते. हेच दृश्य पडद्यावर दाखवले की डोळ्यांना आधीच सगळी टोके दिसलेली असतात आणि मुलाच्या त्या शोधातली गंमत अर्धी होते.

आपल्यापैकी कोणी ही किंवा अशा धर्तीची दुसरी ध्वनिमुद्रिका सलग ऐकली असल्यास अनुभव अवश्य लिहावा.

उत्तररंग

सुरेख लिहिले आहे. वाचताना मला सतत कीर्तनाची आठवण येत होती. कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा गद्य आणि पद एकाच तोंडून येतात. कथा पुढे सरकते ती गद्यात. पद सुरू झाले की कथा थांबते आणि त्या क्षणाचा भाव तेवढा धरून ठेवला जातो. पद संपल्यावर बुवा पुन्हा ‘तर मंडळी’ म्हणून जिथे सोडले होते तिथून धागा उचलतात. श्रोत्याला या थांबण्याचा कंटाळा येत नाही, कारण सांगणारा आणि गाणारा एकच असतो; तो कुठेही गेला तरी आपले बोट धरून परत आणणार, याची खात्री असते.

गीतरामायणाच्या बाबतीतही हे जाणवते. १९५५ सालच्या रामनवमीला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ते सुरू झाले आणि त्यात छप्पन्न गीते झाली. पुढे सुधीर फडके मंचावर ती सादर करत तेव्हा दोन गीतांमधले निवेदन ते स्वतःच करत. तीच गीते दुसऱ्या निवेदकाच्या निवेदनासह ऐकताना मला दोन वेगळे कार्यक्रम एकत्र जोडल्यासारखे वाटत आले आहे.

‘द पॉइंट!’ मी आपला धागा वाचून काल रात्री प्रथमच ऐकली. इंग्रजी गाण्यांची मला फारशी सवय नाही, तरी निवेदनाच्या शेवटच्या वाक्यावरून पुढचे गाणे येते ती जागा प्रत्येक वेळी अचूक वाटली. कुठेही सांधा दिसत नाही.

दूरदेशी

धागा आवडला, परंतु मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. मी अमेरिकेत राहतो आणि ही गोष्ट मला प्रथम अॅनिमेशनपट म्हणूनच भेटली. चित्रपटात निवेदन एका वडिलांच्या तोंडी आहे. मुलाला दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम पाहायचा असतो आणि वडील त्याला पुस्तकातून ही गोष्ट वाचून दाखवतात. पहिल्या प्रक्षेपणात वडिलांचा आवाज डस्टिन हॉफमन यांचा होता. त्यांचा करार त्या एका प्रक्षेपणापुरताच असल्यामुळे पुढच्या आवृत्त्यांसाठी अॅलन बार्झमन, अॅलन थिक आणि रिंगो स्टार यांच्या आवाजांत निवेदन पुन्हा मुद्रित झाले. घरी पाहायला जी आवृत्ती सर्वांत सहज मिळते ती रिंगो स्टार यांची.

वडील आणि मुलगा यांची ही चौकट मला फार मोलाची वाटते. ऑब्लिओचा आणि ऐकणाऱ्या मुलाचा आवाज एकाच बालकलाकाराचा, माइक लुकिनलँडचा, आहे. त्यामुळे गोष्ट ऐकणारा मुलगा स्वतःलाच ऑब्लिओच्या जागी पाहतो आहे, हे काही न बोलता कळते. ध्वनिमुद्रिकेत ही चौकट नाही. तिथे निल्सन थेट आपल्याशी बोलतात. लहान मुलाला गोष्ट ऐकवायची तर कोणीतरी कोणालातरी सांगत आहे, हे दिसणे उपयोगाचे असते, असे माझे मत आहे.

एक गोष्ट पालकांच्या माहितीसाठी. या कथेची कल्पना एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या अमली पदार्थाच्या अमलाखाली झाडांकडे आणि घरांकडे पाहताना सुचली, असे निल्सन यांनी स्वतः सांगितले आहे. कथेत त्याचा मागमूस नाही, पण मोठी मुले शोधून काढतील आणि विचारतील, तेव्हा उत्तर तयार असावे.

सूरपारंब्या

एक व्यावहारिक अडचण नोंदवते. हल्ली आपण ज्या पद्धतीने संगीत ऐकतो, त्यात अशा ध्वनिमुद्रिकेचे फार हाल होतात. मी एका लोकप्रिय अॅपवर ती लावली तेव्हा तुकडे उलटसुलट क्रमाने वाजू लागले. आधी ऑब्लिओ घरी परतला आणि मग त्याच्यावर खटला भरला गेला. दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी तयार केलेल्या यादीत निवेदने गाळून सातच गाणी ठेवली होती. गाणी सुटी ऐकायलाही चांगली आहेत हे मान्य. ‘मी अँड माय अॅरो’ तर अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ३४ व्या क्रमांकापर्यंत गेले होते आणि पुढे ‘अॅरो’ याच नावाच्या मोटारीच्या जाहिरातीतही वापरले गेले. परंतु निवेदनाशिवाय ऐकणाऱ्याला हे गाणे एका हद्दपार होऊ घातलेल्या मुलाचे आणि त्याच्या एकुलत्या एका मित्राचे आहे, हे कळणार कसे? कृपया सर्वांनी क्रम बदलण्याची सोय बंद करून मगच ऐकावे.

पाणकणीस

उत्तररंग, कीर्तनाचा धागा तुम्ही नेमका पकडलात. मला जे म्हणायचे होते ते ‘सांगणारा आणि गाणारा एकच असतो’ या तुमच्या वाक्यात आले आहे. चित्रपटाचे निवेदक बदलत गेले आणि प्रत्येक वेळी त्या चित्रपटाचा पोत थोडा पालटला. गाणी मात्र निल्सन यांच्याच आवाजात राहिली, त्यामुळे चित्रपटात बोलणारा एक आणि गाणारा दुसरा, अशी फट कायमच आहे. तबकडीवर ती नाही.

दूरदेशी, वडील-मुलाच्या चौकटीविषयी तुम्ही लिहिलेले मला पटते, पण ती चौकट चित्रपटाला लागते. ध्वनिमुद्रिकेला ती बाहेरून मिळते. खोलीत मूल आणि त्याच्या शेजारी कोणी मोठे माणूस बसून ऐकत असेल, तर ‘कोणीतरी कोणालातरी सांगत आहे’ ही गोष्ट प्रत्यक्षातच घडत असते. एलएसडीबद्दल लिहिलेत ते बरे केले. मोठ्या मुलांना ते सरळ सांगावे, असे मलाही वाटते.

सूरपारंब्या यांच्या मुद्द्यावरून तबकडीच्या दोन बाजूंविषयी लिहितो, कारण नव्या माध्यमांत ही गोष्ट पार नाहीशी होते. पहिल्या बाजूवर सात तुकडे आणि दुसऱ्या बाजूवर सात. पहिल्या बाजूच्या शेवटच्या निवेदनात खटला आणि हद्दपारी होते, त्यानंतर एक गाणे येते आणि बाजू संपते. तबकडी उलटली की रान सुरू. म्हणजे ऐकणाऱ्याला स्वतः उठून, सुई उचलून, तबकडी पालटून ऑब्लिओला रानात न्यावे लागते. आज ज्यांना तबकडी मिळत नाही त्यांनी निदान सातव्या तुकड्यानंतर थांबावे आणि मगच पुढे जावे.

त्या सातव्या तुकड्याविषयी, ‘थिंक अबाउट युवर ट्रबल्स’विषयी, थोडे सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. कथेच्या दृष्टीने हा सर्वांत अवघड क्षण आहे. मुलाला घराबाहेर काढले आहे. दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात इथे रडवणारे गाणे आले असते. निल्सन यांचे गाणे ऑब्लिओचे नावही घेत नाही. सकाळच्या न्याहारीच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला ते सांगते की तुझे अश्रू चहाच्या कपात पडू दे आणि ते नदीवर नेऊन सोड. तिथून तो अश्रू प्रवाहाबरोबर समुद्राला मिळतो, माशाच्या पोटात जातो, त्या माशाला दुसरा मासा खातो, शेवटी सगळे एका देवमाशाच्या पोटात जाते. देवमासा म्हातारा होऊन मरतो, तळाशी त्याचे शरीर विघटित होते, त्यातली मूलद्रव्ये पुन्हा समुद्राला मिळतात. मग तेच खारट पाणी गाळून नळाला येते आणि नळातून पुन्हा चहाच्या किटलीत. वर्तुळ पुरे होते. चाल अशी हलकी की मूल सहज मान डोलावेल, आणि शब्द असे की जीवशास्त्राच्या तासाला शिकवावेत. मुलाचे दुःख लहान ठरवलेले नाही आणि त्याला कुरवाळलेलेही नाही. ते सगळ्या पाण्याचा भाग करून टाकले आहे. टिप्टन यांनी इथे वाद्ये इतकी जपून वापरली आहेत की प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येतो. ज्या ध्वनिमुद्रिकेत शब्दांनीच सगळे सांगायचे आहे, तिथे ही काळजी फार महत्त्वाची ठरते.

चांदणवेल

मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि माझी मुलगी पहिलीत आहे. आमच्या घरी मराठी बोलले जाते आणि तिचे इंग्रजी जेमतेम आहे. मी असे केले : आधी निवेदनाचा एक तुकडा लावला, थांबवून तेवढाच भाग मराठीत सांगितला, मग गाणे लावले आणि गाण्याच्या वेळी काहीही बोलले नाही. चित्रपट तिला दाखवला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने ऑब्लिओ आणि अॅरो यांचे चित्र काढले. चित्रपटातला अॅरो निळा आहे, हे मला माहीत होते. तिचा अॅरो तांबूस होता, शेपटी वर वळलेली, एक कान मोडलेला. आमच्या गल्लीत दूधवाल्याच्या सायकलमागे धावणारा कुत्रा जसाच्या तसा. ऑब्लिओच्या डोक्यावर तिने टोपी काढली नाही. कारण विचारल्यावर म्हणाली, “घरी असताना तो काढून ठेवतो.” हे निवेदनात कुठेही नाही. तिने ते स्वतः ठरवले होते.

निवेदक वर्णन कमी करतो, हे आपले म्हणणे मला या चित्रामुळे पटले. त्यांनी टोपीचा रंग, कुत्र्याचा रंग सांगत बसायचे ठरवले असते, तर मुलीने तेच काढले असते.

ऐकताना तिने विचारलेला एक प्रश्न मात्र मला सोडवता आला नाही. कायदा सगळ्यांना टोक हवे म्हणतो, तर मग कुत्र्यालाही का घालवून दिले, त्याचे तर नावच बाण आहे, असे तिचे म्हणणे होते.

वाकडीवाट

चांदणवेल, आपल्या मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे. माझ्या मते उत्तर असे की हद्दपारी टोकासाठी नव्हतीच, ती हरण्याच्या रागातून आली होती, आणि खेळात अॅरो ऑब्लिओचा भागीदार होता. कायदा फक्त निमित्त. मुले हे लगेच समजतात, कारण वर्गात असे घडताना त्यांनी पाहिलेले असते.

मूळ विषयाकडे येतो. निवेदन आणि संगीत यांची सांगड घालण्याचे याहून जुने आणि सर्वांत यशस्वी उदाहरण म्हणजे रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह यांचे ‘पीटर आणि लांडगा’, जे १९३६ मध्ये मॉस्कोत मुलांसाठी लिहिले गेले. तिथे प्रत्येक प्राण्याला एक वाद्य दिलेले आहे आणि निवेदक फक्त दोन सुरावटींमधले दुवे सांगतो. डिस्नेने १९४६ मध्ये त्याला चित्रे जोडली. ती पाहिल्यावर बासरीतला पक्षी आपल्याला हवा तसा उरत नाही. डिस्नेचाच पक्षी दिसू लागतो.

याच्या अगदी उलट टोकाला १९७७ च्या ‘हॉबिट’ या अॅनिमेशनपटाचा दोन तबकड्यांचा संच येतो. त्यात चित्रपटातलेच संवाद आणि गाणी घेतली आहेत. जॉन ह्यूस्टन यांच्या आवाजातला जादूगार गँडाल्फ ऐकायला भारदस्त वाटतो, पण लढाईच्या प्रसंगी नुसते आवाज कानावर आदळत राहतात आणि काय चालले आहे ते चित्रपट पाहिलेल्यालाच कळते. पडद्यासाठी मुद्रित केलेला ध्वनी आणि कानासाठी मुद्रित केलेला ध्वनी यांत केवढे अंतर आहे, हे या दोन ध्वनिमुद्रिका लागोपाठ ऐकल्या की लक्षात येते.

दूरदेशी

चांदणवेल यांचा अनुभव वाचून माझे मत थोडे नरम झाले आहे. तरी रानातला दगडी माणूस मला चित्रपटातच अधिक भावतो. माणूस त्याला जे पाहायचे तेच पाहतो आणि जे ऐकायचे तेच ऐकतो, असे तो आपल्या संथ सुरात ऑब्लिओला सांगतो, तेव्हा ते बोलणारे अजस्र खडक डोळ्यांसमोर असणे मला हवेसे वाटते.

माझा एक प्रश्न आहे. १९७७ मध्ये लंडनच्या मर्मेड थिएटरमध्ये हीच गोष्ट रंगमंचावर आली होती, त्यात ‘द मंकीज’ या बँडचे डेव्ही जोन्स आणि मिकी डोलेन्झ होते, आणि तिचीही ध्वनिमुद्रिका निघाली. ती मुलांसाठी घ्यावी का?

पाणकणीस

लंडनची ध्वनिमुद्रिका निल्सन यांच्यावर प्रेम असलेल्यांनी जरूर ऐकावी, पण सुरुवात तिच्यापासून करू नये. तिथे गाणी वेगवेगळ्या नटांत वाटली गेली आहेत. एका माणसाने आपल्याला सांगितलेली गोष्ट हा तिचा प्राण, तो रंगमंचावर साहजिकच बदलतो.

मुलांसाठी माझा क्रम असा असेल : प्रथम १९७० ची ध्वनिमुद्रिका, चांदणवेल यांनी सांगितलेल्या पद्धतीने, सातव्या तुकड्यानंतर थांबून. मूळ तबकडीसोबत चित्रकथेच्या धाटणीची एक पुस्तिका येत असे. ती मिळाली तरी पहिल्या ऐकण्याच्या वेळी बाजूला ठेवावी. मुलांनी आपली चित्रे काढून झाल्यावर पुस्तिका द्यावी आणि त्यानंतर रिंगो स्टार यांच्या निवेदनाचा चित्रपट दाखवावा, म्हणजे दूरदेशी यांना प्रिय असलेले खडकही त्यांना भेटतील. ऑब्लिओ परत आल्यावर त्याच्या टोपीखाली काय निघते, ते मी या धाग्यात मुद्दाम लिहिलेले नाही. ज्यांनी अजून ऐकलेले नाही अशांसाठी इतरांनीही ते लिहू नये, अशी विनंती.

चांदणवेल

पुढच्या महिन्यात ही गोष्ट पहिलीच्या वर्गात दोन तासांत विभागून ऐकवण्याची परवानगी मुख्याध्यापिकांनी दिली आहे. पहिला तास हद्दपारीपर्यंत आणि दुसरा रानापासून. निवेदनाचे मराठी टिपण मी तयार करत आहे. शब्दशः करण्याऐवजी वर्गात सांगता येईल असे ते असेल. झाल्यावर मुलांनी काढलेल्या अॅरोच्या चित्रांविषयी इथेच लिहीन.

उत्तररंग

चांदणवेल, टिपण करताना वाक्ये आखूड ठेवा आणि गाण्याच्या आधीचे वाक्य अर्ध्या स्वरात सोडा, म्हणजे मुले गाण्याकडे आपसूक वळतील. गरज पडल्यास मी ते टिपण मोठ्याने वाचून पाहीन आणि कुठे अडखळायला होते ते कळवीन.